कोऱ्या फॉर्मवरची सही

जुलैच्या पहिल्या सोमवारी साडेचार वाजता रेल्वेच्या ग्राउंडवर पोरी जमल्या, की बॉल बाहेर काढायच्या आधी मी फॉर्म बाहेर काढतो. पात्रता फॉर्म. त्यावर कॉलेजचं नाव, खेळाडूचं नाव, जन्मतारीख, वर्ग, आधी कुणाकडून खेळली वगैरे वगैरे, आणि सगळ्यात खाली खेळाडूची सही. मी फक्त ती खालची सही घेतो. वरचं सगळं पुढं सवडीनं मी स्वतः भरतो. कारण ऑगस्ट उजाडेपर्यंत एकीला बघायला पाहुणे आलेले असतात, दुसरीला टायफॉइड झालेला असतो, तिसरी बहिणीच्या बाळंतपणाला जाऊन बसलेली असते, आणि विद्यापीठाच्या स्पर्धा घेणाऱ्या झोनल समितीची शेवटची तारीख काही यांच्यासाठी थांबत नाही. बावीस वर्षं मी असंच करतोय. आजवर एकाही पोरानं, पोरीनं किंवा पालकानं हरकत घेतली नाही. हे वाक्य गेल्या काही महिन्यांत मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता माझं मलाच ते ऐकवत नाही.

मी शितोळे. दौंडच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक आहे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. मी संचालन करतो ते एका खोलीचं, सहा बॉलचं आणि एका कपाटाचं, ज्याला कुलूप आहे पण कडी नाही. दौंडला फुटबॉल रेल्वे कॉलनीमुळं पहिल्यापासून आहे. इथली पोरं क्रिकेटच्या आधी फुटबॉल शिकायची. पोरींची टीम मात्र सहा वर्षांपूर्वी मी हट्टानं उभी केली. सोळा जणी सह्या करतात आणि अकरा खेळायला येतात. त्या अकरांत दोन एनसीसीच्या, एक गोळाफेकवाली, आणि एक नुसतीच मैत्रिणीच्या सोबतीला आलेली. तरी टीम ती टीम.

स्नेहल भालेराव दोन वर्षांपूर्वी आली. कुरकुंभची, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतली. आली होती कबड्डीसाठी. कडेला उभी राहून आमचा सराव बघत होती, म्हणून मी गमतीनं तिच्याकडं बॉल फेकला. तिनं तो एका हातानं धरला आणि परत देताना विचारलं, याला हात लावलेला चालतो का. म्हटलं, एकीलाच चालतो. त्या दिवसापासून ती आमची गोलकीपर. ती येईपर्यंत आम्ही सहा-शून्यानं हरायचो. ती आल्यावर एक-शून्यानं हरू लागलो. हरायचोच, पण अब्रूनं.

तिचे वडील महेंद्र भालेराव कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. पहिली शिफ्ट असली की तीनला सुटून कंपनीच्या कपड्यांतच मोटरसायकलवर थेट ग्राउंडवर यायचे आणि गोलच्या मागं उभे राहायचे. कधी ओरडले नाहीत, कधी पोरीला सूचना केली नाही. सामना संपला की माझा हात दोन्ही हातांत धरायचे आणि म्हणायचे, "सर, तुमच्यामुळं." मला ते आवडायचं. का खोटं बोलू?

यंदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिरूरच्या एका कॉलेजनं मैत्रीपूर्ण सामन्याला बोलावलं. तिथले कोच सत्यजीत सर. वय तिशीचं, खेळाडू म्हणून नाव कमावलेलं, हातात कायम लॅपटॉप. त्यांच्याकडं हिरवं ग्राउंड, मुलींचं हॉस्टेल, मेस, आणि अठरा पोरींची टीम, तीही सगळी रोज येणारी. आम्ही एक-शून्यानं हरलो. स्नेहलनं त्या दिवशी एक पेनल्टी आणि आणखी आठ-नऊ बॉल अडवले. सामन्यानंतर पोहे झाले. मी त्यांच्या प्राचार्यांबरोबर घोडनदीच्या पुलाबद्दल चर्चा करत चहा पीत बसलो, आणि तेवढ्यात सत्यजीत सरांनी आमच्या दोन पोरींना हॉस्टेल दाखवून आणलं. स्नेहल आणि आमची कॅप्टन प्राची. चहा पिणाऱ्याला काय कळतंय? परतीच्या गाडीत न्हावऱ्यापर्यंत दोघी डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. मला वाटलं, पेनल्टीबद्दल चाललंय.

दुसऱ्या दिवशी प्राचीनं येऊन सांगितलं. दोघींना शेवटच्या वर्षासाठी शिरूरला बोलावलं होतं. राहणं-जेवण त्यांचं, फक्त टीमकडून खेळायचं. प्राचीच्या घरी हॉस्टेल हा शब्द काढल्याबरोबर तिच्या आईनं ताट आपटलं, त्यामुळं तिचा विषय तिथंच संपला. ती हे सांगताना रडत होती, आणि ती जाता येत नाही म्हणून रडतेय की विचार केला म्हणून, हे मी तिला विचारलं नाही. स्नेहलचं मात्र जवळजवळ ठरलं होतं.

मी स्नेहलला बोलावून घेतलं. माझा पारा चढलेलाच होता. पुण्याला निघाली असती तर एकवेळ गिळलं असतं. पण शिरूर? तासा-दीड तासावरचं गाव, बाजाराला जावं तसं. मी म्हणालो की दोन वर्षं मी तुला उभं केलं आणि तू एका बशी पोह्यांवर निघालीस.

ती खाली बघत नव्हती. म्हणाली, "पोह्यांसाठी न्हाई, सर. विद्यापीठाची निवड समिती सेमीफायनल बघायला येती. आपण पहिल्याच सामन्यात घरी येतो. मी कशी खेळते ते कुणी बघितलंच न्हाई अजून. हे शेवटचं वर्ष हाय. विद्यापीठाच्या टीममदी निवड झाली तर सर्टिफिकेट मिळतंय, पोलीस भरतीला खेळाडूच्या कोट्यातून बसता येतंय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि म्हणूनच मला तो झोंबला. मी बघितलं होतं ना तिला. पण माझं बघणं सर्टिफिकेटवर चालत नाही.

दोन दिवसांनी महेंद्र भालेराव साप्ताहिक सुट्टी बघून माझ्या खोलीत आले. मी बसा म्हणेपर्यंत उभेच राहिले. म्हणाले, पोरीनं सगळं सांगितलंय, पण तुम्हाला विचारल्याशिवाय टीसीचा अर्ज करायचा नाही असं मी तिला बजावलंय. तुम्ही नाही म्हणालात तर ती इथंच शिकेल. त्यात तिळमात्र नाटक नव्हतं. माणूस खरोखर माझ्या एका शब्दावर पोरीचं वर्ष ठेवून उभा होता.

आणि मी मोठ्या मनाचा झालो. म्हणालो, जाऊ द्या तिला, पोरीचं भलं होतंय, आम्ही आडवं येणारे कोण? ग्रंथालय, जिमखाना, सगळीकडची 'काही येणे नाही' अशी सही मी स्वतः फिरून मिळवून दिली. भालेरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दहा मिनिटं मला फार गोड वाटलं.

ते गेले आणि तोंड कडू झालं. समोरच्या ड्रॉवरमध्ये सोळा फॉर्म होते. तिचा वरून चौथा. खाली तिची सही, टपोऱ्या अक्षरात पूर्ण नाव, 'स्नेहल महेंद्र भालेराव', शेवटी एक बारीकशी रेघ. मी पेन काढलं आणि वरचं सगळं भरलं. तारीखही त्या दिवशीची टाकली. मग ऑफिसात जाऊन हौशीराम क्लार्कला सांगितलं की बाकीचे सावकाश चढव, हा एक आजच झोनच्या साइटवर चढव. हौशीरामनं नाव बघून विचारलं, ही टीसी नेणार आहे ना? मी म्हणालो, नेली का अजून? तो म्हणाला, न्हाई. मग चढव, म्हणालो. त्यानं चढवला.

कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर तयार होतं. ती अजून आमचीच विद्यार्थिनी होती. उद्या तिथं जमलं नाही आणि परत आली तर तिचं वर्ष वाया जायला नको. दार उघडं ठेवलं, इतकंच. पण खरं सांगायचं तर मला राग आला होता. मी परवानगी दिली म्हणून ती जाणार, हे ऐकायला बरं वाटलं होतं. ती खरंच जाणार, हे सोसवलं नाही. ज्या खेळाडूचं नाव एका कॉलेजकडून नोंदलं गेलं त्याला त्या वर्षी दुसरीकडून खेळता येत नाही, हा नियम मला पाठ आहे. पोरांना तो मीच शिकवतो.

सप्टेंबरच्या मध्यावर सत्यजीत सरांचा फोन आला. आवाज अगदी आदबशीर. म्हणाले, स्नेहलचं नाव आमच्याकडून लागत नाही, तुमच्याकडून आधीच लागलेलं दिसतंय, नजरचुकीनं झालं असेल, तेवढं काढून घ्या. मी म्हणालो, बघतो. आणि बघितलं नाही. चार दिवसांनी झोनच्या सचिवांचा फोन आला. त्यांचा माझा वीस वर्षांचा परिचय आहे. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. एका पोरीच्या सहीचे दोन फॉर्म आलेत. एक तर पोरीनं दोन ठिकाणी सह्या करून फसवलं, मग ती एका वर्षासाठी बाद. नाहीतर कॉलेजनं फसवलं, मग कॉलेजची टीम एका वर्षासाठी बाद. शिरूरला सुनावणी ठेवलीय.

मी विचारलं, पोरगी आणि टीम दोन्ही वाचतील असं काही नाही का?

सचिव म्हणाले, "आहे. तुम्ही स्वतः लिहून द्या, की फॉर्म कोरा असताना सही घेतली आणि मी एकट्यानं परस्पर भरला. मग पोरगी सुटते, टीमही सुटते. तुम्हाला मात्र तीन वर्षं कुठल्याही टीमबरोबर उभं राहता येणार नाही. शितोळे, हे मी तुम्हाला मित्र म्हणून सांगतोय. ठरवायचं तुम्ही."

माझ्या निवृत्तीला साडेतीन वर्षं आहेत.

मी हे कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. प्राचार्यांना सांगितलं की पोरीनं दोन्हीकडं सह्या केल्यात. टीमला सांगितलं की स्नेहल उलटसुलट बोलली तर तुमचं वर्ष जाईल. सरावाला दहा पोरी यायच्या. गोलमध्ये गोळाफेकवाली उभी केली होती आणि बॉल आला की ती बाजूला व्हायची. मी मनाशी म्हणायचो, या दहा जणींसाठी मी गप्प आहे. त्यांच्या वर्षाची ढाल करून मी तिच्यामागं लपून बसलो. प्राची माझ्याकडं बघायची तेव्हा मला तिची नजर चुकवावी लागायची.

सुनावणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, शिरूरच्या त्या कॉलेजच्या जिमखान्यात झाली. दुपारची वेळ. टेबलामागं सचिव आणि दोन सदस्य, बाजूला सत्यजीत सर, या बाजूला मी. स्नेहल मधोमध उभी होती. भालेरावांना दाराबाहेर बसवलं होतं. सचिवांनी आमचा फॉर्म तिच्यापुढं सरकवला.

"ही सही तुझी?"

"हो."

"कधी केलीस?"

"जुलैमदी. पहिल्या प्रॅक्टिसला."

"तारीख तर ऑगस्टची आहे. सही केलीस तेव्हा फॉर्म भरलेला होता का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. सचिवांनीही माझ्याकडंच बघितलं. त्यांना उत्तर माहीत होतं, ते मला जागा करून देत होते. मी फॉर्मवरच्या माझ्या स्वतःच्या अक्षराकडं बघत राहिलो. माझं अक्षर चांगलं आहे, लोक म्हणतात.

"आठवत न्हाई," ती म्हणाली.

सत्यजीत सर म्हणाले, स्नेहल, नीट आठव. ती पुन्हा तेच म्हणाली. सचिवांनी सुस्कारा सोडला आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. म्हणाले, निकाल लिहून सह्या करायला अर्धा तास लागेल. काय लिहिणार ते खोलीतल्या सगळ्यांनाच कळलं होतं.

बाहेर व्हरांड्यात तिचं सामान बांधून ठेवलेलं होतं. एक बॅग, एक गादीची वळकटी, निळी बादली आणि तिच्यात मग, साबण, ग्लोव्हज. खेळायचंच नाही तर हॉस्टेलची जागाही नाही. कॉलेज तिला ठेवून घ्यायला तयार होतं, पण कुरकुंभहून रोज येऊन-जाऊन. स्नेहल सामानापासून लांब, पायऱ्यांवर जाऊन बसली. भालेराव माझ्याकडं आले. मला वाटलं, आता हा माणूस माझी कॉलर धरणार. धरायला हवी होती.

ते हळू आवाजात म्हणाले, "सर, एक काम होतं. तुम्ही तिला जरा समजावून सांगा. माझं ऐकंना."

मी म्हणालो, काय समजावू?

"आमच्या घरात एक नियम हाय. माझ्या आज्याचा अंगठा एकदा गावातल्या लोकांनी कोऱ्या कागदावर घेतला व्हता. त्यावर पुढं काय लिहिलं ते म्हाताऱ्याला मरंपर्यंत कळलं न्हाई, जमीन तेवढी गेली. तवापासनं आमच्यात लेकराला सही शिकवली की पयलं हेच शिकवत्यात. कोऱ्या कागदावर करायची न्हाई. कुणी का सांगंना." ते थांबले. "जुलैमदी तिनं ग्राउंडवरनं मला फोन केला व्हता. म्हणली, पप्पा, फॉर्म कोरा हाय, काय करू? मी म्हणलं, समोर कोण हाय? म्हणली, शितोळे सर. मी म्हणलं, सर हायेत ना, मग कर बिनघोर."

मी बादलीतल्या ग्लोव्हजकडं बघितलं.

"म्हंजी चूक तिची न्हाई, माझी हाय. आन् हिनं तर नियम मोडला म्हणून दोन दिवस जेवण सोडलंय. तुम्ही सांगितलं तर ऐकंल. तुमचं ती ऐकती."

हा माणूस अजूनही मलाच मध्ये घालत होता. माझ्यावर त्याचा संशय गेलाच नव्हता असं नाही. त्याला सगळं कळलं असणार. तरी मी लिहिलेलं तो स्वतःच्या माथ्यावर घेत होता, कारण कर म्हणून तो म्हणाला होता. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

मी पायऱ्यांकडं गेलो. मला बघून ती उठून उभी राहिली. दोन वर्षांची सवय. मी म्हणालो, "स्नेहल, यात तुझी काही चूक नाही."

"माहिती हाय, सर," ती म्हणाली. आवाज शांत होता. "वरचं अक्षर तुमचं हाय. मी आत सांगणार व्हते. पण काल प्राचीचा फोन आला. म्हणली, कॉलेजवर आलं तर आमी दहाच्या दहा घरी. तिचं बी शेवटचं वर्ष हाय, तिला तर घरातनं कुठं सोडतबी न्हाईत. म्हणून गप बसले. तुमच्यासाठी न्हाई."

मग ती वडिलांकडं गेली. तिनं बादली उचलली, त्यांनी बॅग आणि वळकटी घेतली. निकालाचा कागद घेण्यासाठी ते थांबले नाहीत. चौफुल्याची एसटी अडीचला होती.

प्राचीचं वर्ष वाचवायला तिनं स्वतःचं वर्ष दिलं होतं, आणि ते द्यायची गरजच नव्हती. तिसरी वाट होती. ती स्नेहलला माहीत नव्हती, प्राचीलाही नव्हती. आतल्या टेबलामागच्या माणसांना होती आणि मला होती.

जिमखान्याचं दार उघडंच होतं. आत चहा आला होता आणि सचिव लिहीत होते. सह्या अजून व्हायच्या होत्या. मला कुणीही अडवलं नव्हतं. मी पाचेक मिनिटं व्हरांड्यात उभा राहिलो, मग पार्किंगमध्ये जाऊन गाडी काढली आणि दौंडला निघालो. साडेचारला सराव होता.